माथ्याखालचा देवगिरी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले की पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा डोंगर पुढ्यात येतो. खालचा भाग भिंतीसारखा उभा तासलेला, वरचा निमुळता होत गेलेला. सपाटीपासून त्याची उंची सुमारे २०० मीटर. सह्याद्रीतले गड याहून कितीतरी उंच आहेत. राजधानीसाठी रायगड निवडताना शिवाजी महाराजांना दौलताबादची, म्हणजे देवगिरीचीच, आठवण झाली आणि तो गड चांगला खरा, पण उंचीला थोडका, असे त्यांनी म्हटले, अशी हकीगत कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत दिली आहे. सह्याद्रीच्या मापाने ते बरोबरच होते. देवगिरीचे बळ उंचीत कधीच नव्हते. ते माणसाने कातळावर केलेल्या कामात होते, आणि त्याहून अधिक डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या शहरात, त्याच्या कोटांत, त्याच्या पाण्यात आणि त्याच्या कोठारांत होते.

आज किल्ला पाहायला येणाऱ्यांची वाट ठरलेली आहे. तिकीट घ्यायचे, दरवाजातल्या तोफांपाशी छायाचित्रे काढायची, चाँद मिनार लांबून पाहायचा, मेंढा तोफेशी थोडे थांबायचे, अंधारीतून वर चढायचे, बारादरीत वारा घ्यायचा आणि उतरायचे. या वाटेच्या दोन्ही बाजूंना जे पसरले आहे, त्याच्याकडे क्वचितच कोणी वळते. देवगिरीच्या इतिहासाचा मोठा भाग तर तिथेच घडला. हा किल्ला जेव्हा जेव्हा पडला, तेव्हाही तो माथ्यावर पडला नाही; खाली पडला. म्हणून त्याच्या जतनाचा विचार माथ्यापासून नव्हे, पायथ्यापासून सुरू व्हायला हवा, हे या लेखाचे म्हणणे आहे.

बाराव्या शतकाच्या अखेरीस कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता ढासळली आणि पाचव्या भिल्लम यादवाने स्वतंत्र राज्य उभारून देवगिरीला राजधानी केली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे हे गाव दख्खनचे केंद्र राहिले. सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. आजही हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे अभ्यासक त्या ग्रंथाकडे वळतात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच सिंघणाचा ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून चाळीसगावजवळच्या पाटणला मठ स्थापन झाल्याचा शिलालेख आहे. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात हेमाद्री पंडित कारभारी होता. चक्रधरस्वामींचा संचार याच राज्यात झाला, ज्ञानेश्वरी याच राज्यात सांगितली गेली आणि ज्ञानदेवांनी ग्रंथाच्या अखेरीस रामचंद्र यादवाचा उल्लेखही केला. मराठी ही ग्रंथांची भाषा झाली तो काळ म्हणजे देवगिरीच्या वैभवाचा काळ.

हे वैभव पाहायला गेलेल्या मराठी माणसाला किल्ल्यात यादवांचा वाडा दाखवता येत नाही. डोंगराच्या कुशीत काही अपुरी लेणी आहेत, इकडेतिकडे कोरीव शिळा आहेत. बाकीचे यादवकालीन दगड शोधायचे तर नंतरच्यांनी बांधलेल्या भिंतींत शोधावे लागतात. तटाच्या एखाद्या चिऱ्यावर अचानक वेलबुट्टी दिसते, कुठे मंदिराच्या खांबाचा तुकडा आडवा बसवलेला दिसतो. हे पाहताना वाईट वाटते, आणि ते वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याचबरोबर एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. यादवांचा देवगिरी आज जो काही उरला आहे, तो या नंतरच्या बांधकामांच्या आत उरला आहे. ती बांधकामे ढासळली तर यादवांचे उरलेसुरले दगडही त्यांच्याबरोबर जातील.

१२९६ ची हकीगत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कडा-माणिकपूरचा सुभेदार अल्लाउद्दीन खलजी, दिल्लीच्या सुलतानाला म्हणजे आपल्या चुलत्याला न कळवता, काही हजार घोडेस्वारांनिशी विंध्य ओलांडून देवगिरीवर आला. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. रामचंद्राने किल्ल्याचा आश्रय घेतला. शंकरदेव परतला, लढाई झाली, दिल्लीहून आणखी मोठी फौज येत असल्याची हूल उठली, आणि किल्ल्यात धान्य समजून नेलेल्या पोत्यांत मीठ निघाले. मिठाच्या पोत्यांची ही गोष्ट फरिश्त्याने लिहिली, आणि तो घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. तेव्हा पोती खरोखर मिठाची होती की नाही, याची ग्वाही देता येणार नाही. वेढा लांबवण्याइतकी शिबंदी आणि शिधा किल्ल्यात नव्हता, हे मात्र त्या गोष्टीतून स्वच्छ दिसते. हल्ला इतका अचानक होता की खालच्या शहरातली संपत्ती, हत्ती, घोडे आणि व्यापारी आधीच शत्रूच्या हाती लागले होते. कडा अभेद्य होता. त्याच्या आधाराला असलेले शहर उघडे पडले होते. इथून नेलेल्या खजिन्याच्या जोरावर अल्लाउद्दीनने त्याच वर्षी चुलत्याचा खून करून दिल्लीचे तख्त मिळवले. पुढे मलिक काफूरच्या स्वाऱ्या झाल्या, रामचंद्र मांडलिक झाला, शंकरदेव मारला गेला. १३१८ मध्ये रामचंद्राचा जावई हरपाळदेव याला क्रूरपणे ठार करण्यात आले आणि यादवांची सत्ता संपली.

त्याच वर्षी कुतुबुद्दीन मुबारक खलजीने महाकोटात, म्हणजे किल्ल्याच्या मधल्या कोटात, जामा मशीद बांधली. तिच्यात मंदिरांचे खांब वापरलेले स्पष्ट दिसतात. या एका इमारतीत दख्खनच्या इतिहासातली किती वळणे आहेत पाहा. १३४७ मध्ये मुहम्मद तुघलकाविरुद्ध बंड केलेल्या अमिरांनी हसनला याच मशिदीत सुलतान म्हणून बसवले आणि बहामनी राज्य सुरू झाले. पुढे सहाशे वर्षांनी, १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर तिथे भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली आणि आज लोक ही वास्तू भारतमाता मंदिर म्हणून ओळखतात. या तिन्ही घटना खऱ्या आहेत. त्यांतली एक सांगून दुसऱ्या दोन गाळल्या तर पाहणाऱ्याला समोरचा खांब कळत नाही, मेहराब कळत नाही आणि मूर्तीही कळत नाही.

मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इकडे आणली आणि गावाला दौलताबाद नाव दिले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ठाऊक असते ते बहुधा वेडेपणाचे उदाहरण म्हणून. दिल्ली ओस पडली, लंगड्या-आंधळ्यांनाही फरफटत आणले, या कथा इब्न बतूताने ऐकीव म्हणून लिहून ठेवल्या. तो दिल्लीत आला तो या घटनेनंतर. राज्य दक्षिणेत दूरवर पसरले होते, त्याच्या मध्याजवळ बसून ते सांभाळावे, हा विचार वेडेपणाचा नव्हता. अंमलबजावणी निर्दय होती आणि तो बेत टिकलाही नाही. तरी त्या स्थलांतराने दख्खन कायमचे बदलले. दरबारी, शिपाई, उलेमा, सूफी, कारागीर इथे आले आणि त्यांतले अनेक राहिले. शेजारच्या खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांची दर्गा उभी राहिली. दखनी भाषेची मुळे या वस्तीत आहेत. वाटेवरच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवणारी घरे आपला वारसा त्याच काळापर्यंत नेतात.

इब्न बतूता स्वतः इथे येऊन गेला, आणि त्याचे वर्णन किल्ला समजून घ्यायला फार उपयोगी आहे. दौलताबाद दिल्लीच्या तोडीचे आहे आणि त्याचे तीन भाग आहेत, असे तो सांगतो: सुलतान आणि त्याच्या फौजेचे दौलताबाद, दुसरे कटक आणि तिसरा बालेकिल्ला देवगिरी. सपाटीत उभा असलेला खडक तासून त्याच्या माथ्यावर किल्ला केला आहे आणि वर जायला चामड्याची शिडी आहे, ती रात्री वर ओढून घेतात, असेही तो लिहितो. गाणाऱ्या-बजावणाऱ्यांच्या बाजाराचे त्याने कौतुकाने वर्णन केले आहे. याच किल्ल्यातल्या भुयारी कोठड्यांत मांजरांहून मोठे उंदीर कैद्यांच्या अंगावर येतात, ही एका सरदाराने सांगितलेली आठवणही त्यानेच नोंदवली आहे. तीन भागांच्या त्या नगरीतला आपण आज फक्त तिसरा भाग पाहतो.

आता प्रत्यक्ष रचना. सर्वांत बाहेर अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, त्याच्या आत डोंगराला बिलगलेला काळाकोट. वेरूळचा रस्ता आजही बाहेरच्या कोटाच्या दरवाजातून जातो. महाकोटात शिरताना एका पाठोपाठ एक दरवाजे येतात आणि ते एका रेषेत नाहीत. दर वळणावर शत्रूचा वेग मोडावा, त्याला हत्ती पळवत आणायला जागा मिळू नये आणि वरच्या बुरुजांवरून त्याच्यावर मारा करता यावा, अशी ही योजना आहे. दारांच्या फळ्यांवर हत्तींसाठी लोखंडी खिळे आहेत. आत आल्यावर डाव्या हाताला हत्ती हौद लागतो. त्याच्या काठावर उभे राहिले की पाण्याशिवाय या शहराचा विचारच करता येत नाही, हे उमगते. डोंगराळ भागातल्या आबपाशदरा तलावातून मातीच्या नळांनी इथे पाणी आणले होते. जवळच सरस्वती बाव आहे. हजारो माणसे, घोडे, हत्ती जिथे राहिले, तिथे पाणी डोंगरातून उतरवून, गाळून, वाटून देण्याची व्यवस्था कोणा एका राजाने एका वर्षात केली नसणार. ती पिढ्यांचे काम आहे, आणि माझ्या मते देवगिरीवरची सर्वांत थोर वास्तू हीच, मिनारही नव्हे आणि तोफही नव्हे.

चाँद मिनार बहामनी अल्लाउद्दीन अहमदशहाने पंधराव्या शतकाच्या मध्यात बांधला. उंची सुमारे २०० फूट. काळाकोटात वर चिनी महाल आहे. त्याच्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने १६८७ नंतर इथे ठेवले, आणि एका तपाहून अधिक काळ कैदेत काढून तो इथेच वारला. पुढच्या गोल बुरुजावर मेंढा तोफ. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके कोरले आहे आणि अंगावर औरंगजेबाच्या काळातला फारसी लेख आहे. हिला किल्लाशिकन असेही म्हणतात.

यानंतर खंदक. साधारण खंदक मातीत खणतात. हा कातळात खणला आहे, आणि त्याच्या आतल्या बाजूला डोंगराचा कडा ५० मीटर आणि त्याहूनही अधिक उंचीपर्यंत सरळ तासून गुळगुळीत केला आहे. बोट रुतेल अशी फट दिसत नाही. पहार, छिन्नी आणि हातोडा यांनी हे काम किती हातांनी, किती वर्षे केले असेल! त्या पाथरवटांचे नाव कुठल्याच बखरीत किंवा तवारिखेत नाही. खंदकावरून जायला पूल एकच, तोही चिंचोळा. पलीकडे गेले की अंधारी: कातळात खोदलेला, वळत वळत चढणारा जिना. दिवसाही मशाल लागावी असा काळोख. पायऱ्या मुद्दाम कमी-जास्त उंचीच्या. वरच्या तोंडावर लोखंडी तवा सरकवायची सोय होती. त्यावर निखारे पेटवले की खालचा रस्ता धुराने आणि धगीने बंद. धग टिकावी म्हणून वाऱ्याला आत येण्यासाठी बाजूला भोकही ठेवले आहे. ज्याने हे योजले त्याला शत्रू कसा चालतो, कुठे घाबरतो आणि कुठे श्वास घेतो, हे नेमके माहीत होते.

एवढे सगळे असूनही १६३३ मध्ये किल्ला पडला. त्या वेढ्याची हकीगत मोगल तवारिखांत तपशिलाने आली आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. मलिक अंबरने निजामशाही सावरली, दौलताबाद बळकट केला, शेजारी खडकी वसवली. तिचेच पुढे औरंगाबाद झाले. १६२६ मध्ये तो वारला आणि दरबारात संशयाचे राज्य सुरू झाले. १६२९ मध्ये जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव आणि त्यांचे मुलगे यांना निजामशहाने याच दौलताबादेत दरबारात बोलावून दगाफटक्याने मारले. ज्या राज्याने आपले असे सरदार स्वतःच्या हाताने संपवले, त्याला किल्ल्याच्या भिंती किती काळ पुरणार? चार वर्षांनी महाबतखानाने वेढा घातला तेव्हा त्याने कड्याला हातच लावला नाही. सुरुंग लावून त्याने बाहेरचे कोट पाडले. विजापूरकरांचा रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी आत धान्य पोहोचवायची धडपड केली, मोगलांनी ती रसद अडवली. उपासमार सुरू झाली, रोग पसरला. अखेर अंबरचा मुलगा फत्तेखान याने दहा लाखांहून अधिक रुपये घेऊन किल्ला स्वाधीन केला आणि लहानग्या हुसेन निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. अंधारीतला तवा तापवायची वेळही आली नाही.

१२९६ आणि १६३३ या दोन प्रसंगांत ३३७ वर्षांचे अंतर आहे, राजे वेगळे, शस्त्रे वेगळी. दोन्ही वेळा कडा जागच्या जागी होता. धान्य, माणसे आणि खालचा कोट मात्र कोसळला. म्हणूनच देवगिरीचा माथा पाहून परतणाऱ्याने किल्ला पाहिला, असे म्हणणे कठीण आहे.

या किल्ल्याची आणखी एक ओळख वारकऱ्यांना आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या वतीने इथला कारभार पाहणारे जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरू. पैठणहून आलेला लहान एकनाथ इथे राहिला, हिशेब शिकला, ग्रंथ शिकला. जनार्दनस्वामींचे स्थान गडावर आजही आहे आणि भाविक तिथे जातात. एका मुसलमान राज्याचा ब्राह्मण किल्लेदार, त्याच्या हाताखाली अरब, हबशी, मराठे, पठाण असे सगळे शिपाई, आणि त्याच तटात वाढलेला एक मुलगा, जो पुढे हिंदू आणि तुर्क यांचा संवाद भारुडात रचतो. हा योगायोग मानायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. एकनाथ समजून घ्यायला हा गड उपयोगी पडतो, याबद्दल मला शंका नाही.

नंतरचा काळ लवकर सांगता येतो. मोगलांकडून किल्ला निजामाकडे गेला. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर तो मराठ्यांना मिळाला, पण फार काळ टिकला नाही. तोफांचे युग बदलले, राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली आणि दौलताबादचे शहर हळूहळू रिकामे झाले. ओस पडणे किल्ल्याला एका अर्थी लाभले. त्याच्यावर नवी वस्ती चढली नाही, म्हणून मध्ययुगीन शहराचा आराखडा मातीखाली टिकून राहिला. डॉ. म. श्री. माटे यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी इथे काम केले, उत्खननांत रस्ते, घरे आणि पाण्याची व्यवस्था उजेडात आली. दख्खनमधले चौदाव्या-पंधराव्या शतकातले शहर कसे होते, हे पायाखालच्या दगडांवरून सांगता येईल अशा जागा महाराष्ट्रात थोड्याच आहेत.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि मुख्य वाटेवरची डागडुजी होत असते. एवढ्याने भागणारे नाही. सर्वांत धोक्यात आहे तो अंबरकोट. वाहनांनी भरलेला रस्ता, वाढती बांधकामे आणि शेते यांच्यामध्ये त्याचे तुकडे उभे आहेत, आणि तट एकदा पडला की त्याचे दगड कुंपणाला जातात, हा सगळ्या किल्ल्यांचा अनुभव आहे. त्याच्या दरवाजातून जाणारी अवजड वाहतूक दुसरीकडे वळवणे हे पहिले काम. आबपाशदऱ्यापासून हत्ती हौदापर्यंतच्या पाण्याच्या मार्गाचे मोजमाप करून तो संपूर्ण मार्ग संरक्षित करणे हे दुसरे. उत्खननात मोकळ्या झालेल्या रस्त्यांवरून आणि घरांच्या जोत्यांतून लोकांना हिंडता यावे, अशी वाट आखून तिथे चांगल्या मराठीत माहिती देणे हे तिसरे. आणि या तिन्हींसाठी लागणारा खर्च माथ्यावर दिव्यांची रोषणाई करण्यापेक्षा फारसा वेगळा नसेल.

एक गोष्ट मात्र करू नये. कुठल्याही एका काळाचा देवगिरी पुन्हा उभारण्याचा मोह आवरला पाहिजे. यादवांचा वाडा कसा होता हे आपल्याला माहीत नाही. कल्पनेने बांधलेला वाडा यादवांचा होणार नाही, तो आपला होईल, आणि त्याच्या पायासाठी खणताना खरे यादवकालीन थर कायमचे नष्ट होतील. उभी भिंत पडू न देणे, पडली असेल तर तिचेच दगड तिच्याच जागी बसवणे, चुना वापरणे, सिमेंट टाळणे, झाडांची मुळे वेळेवर काढणे, ही कामे दिसायला साधी आहेत. त्यांचे उद्घाटन करता येत नाही. किल्ले टिकतात ते याच कामांवर.

शासन, पुरातत्त्व खाते आणि गावकरी यांनी एकत्र बसून बाहेरच्या कोटापासून काम सुरू करावे. वाचकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी देवगिरीला जाल तेव्हा मुलांना घेऊन आधी महाकोटात एक तासभर हिंडा, हौदाच्या काठाशी पाणी कुठून येत असेल ते त्यांना विचारा, मशिदीचे खांब हात न लावता नीट पाहू द्या. माथ्यावर जायचे राहिले तरी चालेल.